सांगलीत कॉलेजं एवढी, मग पदवीधर पुण्यात का?

प्रश्न विचारणारा तरुण मूळचा विट्याचा. इंजिनिअरिंग सांगलीत केलं, गेली आठ वर्षं हिंजवडीत नोकरी. त्याने विचारलंय: "अमेरिकेतल्या शहराशहरांत पदवीधरांचं प्रमाण किती वेगवेगळं आहे, हे वाचलं. आपल्याकडे पुणे, सांगली, सातारा यांच्यात तसाच फरक आहे का? सांगलीत एवढी कॉलेजं असताना तो का पडावा? आणि पडला तरी बिघडलं काय? शिकलेला माणूस इथे राहिला काय नि तिथे राहिला काय, देशाच्या हिशेबात तो एकच. मॅडम, खरं सांगा, मी परत यावं का?"

मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांत पर्यवेक्षक म्हणून काम केलं, आणि अधूनमधून कुपवाडच्या छोट्या कारखानदारांसाठी "कसली माणसं मिळत नाहीत" याच्या पाहण्या करते. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दोन्ही बाजूंनी येतो, कागदावरून आणि दारातून. दारातून आलेलं आधी सांगते.

फेब्रुवारी २०११. खणभागातल्या एका जुन्या घरातून आमच्या प्रगणक बाई अडल्याचा निरोप आला म्हणून मी गेले. घरात आजी-आजोबा दोघंच. आजींचं म्हणणं, माझे दोन्ही मुलगे इंजिनिअर आहेत, ते लिहा. प्रगणक बाई सांगत होत्या, आजी, ते इथे राहत नाहीत, त्यांची नोंद पुण्यात होईल. आजी आत गेल्या आणि भिंतीवरचे पदवीदानाचे दोन फोटो खिळ्यावरून काढून घेऊन आल्या. काळा झगा, हातात गुंडाळी, मागे निळा पडदा. काचेवरची धूळ पदराने पुसून त्यांनी ते फोटो माझ्या मांडीवर ठेवले. "हे घर त्यांचंच आहे की. शिकले इथनंच." नियम असा की, माणूस जिथला सामान्य रहिवासी, तिथेच त्याची मोजणी. मी फॉर्मवर आजोबांपुढे जुनी मॅट्रिक आणि आजींपुढे चौथी लिहिली. त्या घराने दोन इंजिनिअर घडवले होते, आणि सांगलीच्या खात्यात त्यांतलं काहीही जमा झालं नाही.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या मांडीवरच्या फोटोंत आहे. एखाद्या शहराचा शिक्षणस्तर म्हणजे त्या शहराने किती जणांना शिकवलं हे नव्हे. शिकून झाल्यावर किती जण तिथे राहिले, तो आकडा म्हणजे शिक्षणस्तर. शिकवणं एक आणि शिकलेली माणसं टिकणं दुसरं. सांगली-सातारा पहिल्यात पुढे आहेत आणि दुसऱ्यात मागे.

आता कागदाकडे. आपल्याकडे कोणी शिक्षणाची तुलना करायला बसलं की साक्षरतेचे आकडे घेतं. २०११च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची साक्षरता ८६.१५ टक्के, साताऱ्याची ८२.८७ आणि सांगलीची ८१.४८. राज्याची सरासरी ८२.३४. हे वाचून वाटतं, तीन-चार टक्क्यांचाच तर फरक, त्यात काय एवढं. पण साक्षर कोणाला म्हणायचं? सात वर्षं पूर्ण झालेला आणि कोणत्याही एका भाषेत समजून वाचू-लिहू शकणारा तो साक्षर. दुसरी पास झालेली मुलगीही साक्षर आणि सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजातून एम.टेक. झालेला मुलगाही साक्षर. शहरं वेगळी पडतात ती साक्षरतेवर नाही, पदवीवर. आणि पदवी मोजताना भागाकारात कोणाला धरता, यावर सगळं अवलंबून असतं.

अमेरिकेत हे प्रमाण २५ वर्षं पूर्ण झालेल्यांत काढतात, कारण त्या वयापर्यंत बहुतेकांचं शिक्षण झालेलं असतं. आपल्याकडचे तक्ते बऱ्याचदा सात वर्षांवरच्या सगळ्यांना धरून असतात. म्हणजे ज्या शहरात शाळकरी मुलं जास्त, ते आपोआप कमी शिकलेलं दिसतं. कॉलेजच्या शहरांच्या बाबतीत तर आणखी एक गंमतीची वाटावी अशी, पण खरोखर महत्त्वाची गोष्ट घडते. विश्रामबागच्या वसतिगृहात राहून इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा जनगणनेत सांगलीचा रहिवासी म्हणून मोजला जातो, पण त्याने पूर्ण केलेली सर्वोच्च पातळी काय, तर बारावी. दोन वर्षांनी तो पदवीधर होतो तेव्हा वाकडला राहायला गेलेला असतो. म्हणजे तुमच्या कॉलेजाने सांगलीच्या खात्यात बारावी टाकली आणि पुण्याच्या खात्यात बी.ई. कॉलेजं वाढली की शहराचा शिक्षणस्तर वाढतो, ही समजूत इथेच ढासळते.

शहर कशाला म्हणायचं याचाही घोळ आहे. अमेरिकेत किमान ५० हजार वस्तीचा नागरी गाभा आणि रोज कामाला ये-जा करण्याने त्याला जोडलेला आसपासचा मुलूख मिळून महानगर क्षेत्र ठरतं. आपल्याकडे महानगर म्हणजे दहा लाखांच्या वर. २०११मध्ये महाराष्ट्रात अशी सहाच नागरी क्षेत्रं होती: मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, वसई-विरार आणि तेव्हाचं औरंगाबाद. सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या होती ५,०२,७९३ आणि सातारा शहराची १,२०,१९५. अमेरिकेचं माप लावलं तर दोन्ही महानगरं ठरतील. आणि ये-जा बघितली तर मला तेच माप जास्त पटतं. सकाळी आठला बुधगाव, कवलापूर, माधवनगरकडून सांगलीत शिरणाऱ्या दुचाकी बघा. ती माणसं पालिकेच्या हद्दीबाहेर झोपतात पण सांगलीच्या पगारावर जगतात. साताऱ्यातही शाहूपुरी कित्येक वर्षं नगरपालिकेच्या हद्दीबाहेर होती, आणि तिथे नोकरदार, शिक्षक, निवृत्त लष्करी माणसं राहत होती. त्यांना सोडून साताऱ्याचा शिक्षणस्तर काढणं म्हणजे घर मोजताना माजघर सोडण्यासारखं.

अमेरिकेतलं उदाहरण तुम्ही वाचलंच असेल, तरी एक जोडी सांगते, कारण ती आपल्याला फार जवळची आहे. कॅलिफोर्निया या एकाच राज्यात सॅन होजे आणि बेकर्सफील्ड ही दोन महानगरं आहेत. सॅन होजेत २५ वर्षांवरच्या निम्म्याहून जास्त लोकांकडे किमान पदवी आहे. बेकर्सफील्डमध्ये पाचात एकही भरत नाही. राज्य एक, कायदे एक, सरकारी विद्यापीठांची व्यवस्थाही एक. सॅन होजे म्हणजे सिलिकॉन व्हॅली. बेकर्सफील्ड ज्या कर्न परगण्यात आहे तिथे तेलाच्या विहिरी आणि शेती, आणि शेतीत काय, तर खाण्याची द्राक्षं. तासगावची माणसं तिथे गेली तर त्यांना बागा ओळखीच्या वाटतील. बेकर्सफील्डची पोरं बुद्धीने कमी नाहीत. तिथे पदवीला लागणारी कामं कमी, म्हणून शिकलेला बाहेर जातो. शिकलेला बाहेर जातो म्हणून पदवी लागणारा धंदा तिथे यायला कचरतो. हे चाक एकदा फिरायला लागलं की आपोआप फिरत राहतं. त्या देशात ज्या शहरांत पूर्वी पदवीधर जास्त होते तिथेच पुढे ते अधिक वेगाने वाढले, असं अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं आहे.

पुण्याचं चाक फार आधी फिरायला लागलं. तिथलं इंजिनिअरिंग कॉलेज १८५४चं, फर्ग्युसन १८८५चं, विद्यापीठ १९४९चं. पण माझ्या मते पुण्याला खरं वेगळं केलं ते कॉलेजांनी नाही, त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या कामांनी. पिंपरीत १९५४मध्ये पेनिसिलीनचा सरकारी कारखाना आला, पुढे मोटारींचे कारखाने, त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो, लष्कराच्या प्रयोगशाळा, आणि शेवटी हिंजवडी. शिकून बाहेर पडणाऱ्याला गाव सोडावंच लागलं नाही, उलट दुसऱ्यांची मुलं आली.

आपल्या भागाचा इतिहास शिक्षणाच्या बाबतीत कुठेच उणा नाही, आणि हे सांगताना मला मनापासून अभिमान वाटतो. सावित्रीबाईंचं नायगाव सातारा जिल्ह्यातलं. जोतीरावांच्या घराण्याचं मूळ गाव कटगुण, तेही साताऱ्यातच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४मध्ये ती साताऱ्यात आणली आणि सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारं वसतिगृह उघडलं. त्याच १९१९मध्ये सांगलीत विलिंग्डन कॉलेज सुरू झालं. १९४७मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज आणि सांगलीत आज वालचंद नावाने ओळखलं जाणारं इंजिनिअरिंग कॉलेज. १९६०मध्ये कराडचं सरकारी इंजिनिअरिंग, १९६१मध्ये साताऱ्याची सैनिक शाळा, १९६२मध्ये मिरजेचं सरकारी मेडिकल आणि त्याच साली कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. पुढे १९८३मध्ये आपल्याच पद्माळ्याचे वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि इस्लामपुरापासून सगळीकडे कॉलेजं उभी राहिली. शिकवण्यात हा मुलूख कुणाला हार गेला नाही.

पण इथे शिक्षणाचा अर्थच मुळात बाहेर पडणं असा झाला. माणदेशात पाऊस नाही, जावळी-पाटणच्या डोंगरात जमीन नाही. कर्मवीरांच्या "कमवा आणि शिका"मधून शिकलेल्या मुलापुढे मास्तरकी, सरकारी नोकरी किंवा मुंबई हेच रस्ते होते. न शिकलेला आधीच मुंबईला गेला होता, गिरणीत आणि मशीद बंदरच्या गोण्या उचलायला; मुंबईच्या माथाड्यांत सातारकर किती, हे सांगायला नको. म्हणजे साताऱ्याने दोन्ही टोकं पाठवली, पाठीवर ओझं वाहणारा आणि पदवी घेतलेला. पहिल्याने दर महिन्याला मनिऑर्डर पाठवली, गणपतीला आणि यात्रेला तो आला, म्हातारपणी परतला. दुसऱ्याने पुण्यात फ्लॅट घेतला, आई-वडिलांना काही वर्षांनी तिकडे नेलं, आणि वाड्याला कुलूप लागलं.

तुमच्या विट्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि पदवी म्हणजेच सगळं असं मी म्हणत नाही याचा पुरावाही. खानापूर-आटपाडीची गलाई करणारी माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली. त्यांतल्या कित्येकांनी दहावीचं तोंड पाहिलेलं नाही, पण भेसळीचं सोनं हातात घेतल्यावर त्यांना जे कळतं ते पुस्तकात नाही. त्यांनी गावाकडे पैसा आणला, बंगले बांधले, देवळं बांधली. मिरजेचे तंबोरे-सतार करणारे कारागीर घ्या. भोपळा निवडण्यापासून जवारी लावण्यापर्यंतचं, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर खुलवण्यापर्यंतचं ज्ञान बापाकडून मुलाकडे आलेलं. २०२४मध्ये त्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. जनगणनेच्या रकान्यात तो कारागीर "सातवी" असतो. शिक्षणस्तराचा आकडा या ज्ञानाला आंधळा आहे, हे तो वापरणाऱ्याने कधी विसरू नये.

आता तुमचा मुख्य मुद्दा. देशाच्या हिशेबात माणूस एकच, मग कुठे का राहीना. नाही, फरक पडतो, आणि तो सगळ्यात जास्त न शिकलेल्याला पडतो. एनरिको मोरेट्टी या अर्थतज्ज्ञाने अमेरिकन शहरांचा अभ्यास करून २००४मध्ये हे आकड्यात मांडलं. शहरातल्या दर शंभरात एक पदवीधर वाढला की, इतर गोष्टी सारख्या धरल्या तर, शाळा अर्धवट सोडलेल्यांचं वेतन १.९ टक्क्यांनी वाढतं, हायस्कूल पूर्ण केलेल्यांचं १.६ टक्क्यांनी, आणि खुद्द पदवीधरांचं फक्त ०.४ टक्क्याने. शेजाऱ्याच्या शिक्षणाचा लाभ शिकलेल्यापेक्षा न शिकलेल्याला चौपटीहून जास्त. त्याच अभ्यासकाचा दुसरा अंदाज असा की, अत्याधुनिक उद्योगातली एक नोकरी शहरात आली की काळाच्या ओघात तिच्या आसऱ्याने इतर धंद्यांत पाच नोकऱ्या उभ्या राहतात. हे आकडे अमेरिकेचे आहेत, ते उचलून जसेच्या तसे सांगलीला लावू नयेत. पण त्यामागची रीत मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

कुपवाडच्या एका फाउंड्रीत मी पाहणीसाठी जात असे. पंपाच्या बॉडीचं ओतकाम. मालक स्वतः आयटीआय झालेले, हाताने कष्ट केलेले. त्यांची अडचण एकच: रिजेक्शन. ओतलेल्या मालात ब्लोहोल, म्हणजे आत अडकलेल्या वायूची भोकं, निघायचे, मशीनिंग झाल्यावर दिसायचे, आणि माल परत यायचा. वाळूत ओल किती, धातू किती तापला, कुठल्या शिफ्टला माल बिघडतो, हे कोणी लिहूनच ठेवत नव्हतं. मग एक मुलगी आली, मेटलर्जीची पदवीधर, लग्न होऊन सांगलीत आलेली. तिने पहिले दोन महिने काही केलं नाही, नुसती वही ठेवली. भट्टीशेजारी लोखंडी स्टुलावर बसून प्रत्येक ओतकामाची वेळ, तापमान, वाळूची चाचणी, साच्याचा नंबर. तिसऱ्या महिन्यात तिने दाखवलं की बिघडलेल्या मालातला बहुतेक सकाळच्या पहिल्या ओतकामांतला आहे, कारण रात्रभर उघडी राहिलेली वाळू न तपासता तशीच वापरली जाते. रिजेक्शन उतरलं, वहीमुळे ऑडिट पास झालं, मोठ्या कंपनीची ऑर्डर आली, दुसरी शिफ्ट सुरू झाली. त्या दुसऱ्या शिफ्टला कामाला लागले ते सगळे मोल्डिंगवाले, ग्राइंडिंगवाले, हेल्पर. जतचे, कवठेमहांकाळचे, आठवी-नववीचे. एका पदवीने त्यांच्या घरात पगार गेला.

दीड वर्षाने तिच्या नवऱ्याला चाकणला नोकरी लागली आणि ती गेली. वही काही दिवस चालली, मग बंद पडली. मालकांनी जाहिरात दिली, मुलाखती घेतल्या, आलेल्यांपैकी चांगला होता त्याने विचारलं, "पुण्यात ऑफिस आहे का?" चाकणमध्ये तिच्यासारख्या शेकडो आहेत, तिच्या जाण्याने चाकणला काही जाणवलं नसेल. कुपवाडच्या त्या भट्टीला मात्र ती एकटीच होती. देशाच्या हिशेबात माणूस एकच असतो हे म्हणणं म्हणूनच पुरेसं नाही. दुष्काळात टँकर एकच असला तरी तो कुठल्या गावात रिकामा होतो याला अर्थ असतो.

उलटं उदाहरण आपल्याच महापालिकेत आहे: मिरज. विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४मध्ये तिथे रुग्णालय काढलं, पुढे सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि डॉक्टर शिकून मिरजेतच राहायला लागले. का राहिले? कारण पेशंट इथेच येतो. बेळगाव, विजापूर, बागलकोटपासून माणसं रेल्वेने आणि वडापच्या जीपने मिरजेला येतात. मिशन हॉस्पिटलच्या रस्त्याला सकाळी सातला उभे राहा आणि मोजा: नर्स, लॅबवाले, एक्स-रे काढणारे, औषधाची दुकानं, लॉज, नातेवाइकांना डबा देणाऱ्या बायका, कन्नड बोलणारे रिक्षावाले, शहाळंवाला. एका सर्जनच्या पदवीवर किती चुली पेटतात हे तिथे दिसतं. मिरजेने कॉलेजही ठेवलं आणि कामही ठेवलं, म्हणून तिथली पदवी तिथेच टिकली. सांगलीत इंजिनिअरांच्या बाबतीत हे जमलं नाही.

न जमण्याची कारणं विचारली की लोक विमानतळ म्हणतात, मोठा कारखाना म्हणतात, आयटी पार्क म्हणतात. ते सगळं हवंच. पण माझ्या पाहण्यांत सगळ्यात जास्त वेळा पुढे आलेलं कारण कोणी भाषणात घेत नाही. ते म्हणजे दुसरी नोकरी. पूर्वी मुलगा इंजिनिअर, सून घरात. मुलाला सांगलीत काम मिळालं की कुटुंब सांगलीत. आता सूनही इंजिनिअर, फार्मासिस्ट, सीए. एकाच गावात दोघांच्या शिक्षणाजोगं काम मिळायला गाव मोठंच लागतं. डोरा कोस्टा आणि मॅथ्यू कान या अभ्यासकांनी २०००मध्ये अमेरिकेबद्दल हेच दाखवलं: नवरा-बायको दोघं पदवीधर असलेली जोडपी मोठ्या महानगरांत एकवटत गेली, कारण दोघांच्या नोकरीचं गणित तिथेच सुटतं. आपल्याकडे हे लग्नाच्या बोलणीतच ठरतं. स्थळ सांगताना पहिला प्रश्न, "मुलगा पुण्यात असतो ना?" सांगलीत स्वतःचा कारखाना असलेल्या मुलाला नकार आणि पुण्यात भाड्याच्या घरात राहणाऱ्याला होकार, हे मी घरातल्या लग्नांत पाहिलं आहे. मी त्या मुलींना दोष देत नाही. तिने चार वर्षं घालवून घेतलेली पदवी कपाटात ठेवायची नसेल तर तिने दुसरं काय करावं?

म्हणून कोणी मला विचारलं की सांगली-साताऱ्याचा शिक्षणस्तर वाढवायला काय करावं, तर मी नवीन कॉलेज काढा असं म्हणत नाही. कॉलेजं पुरेशी आहेत, काहींच्या जागा रिकाम्या आहेत. पोरींना काम मिळेल अशी कार्यालयं, प्रयोगशाळा, डिझाइनची कामं, हळद आणि बेदाण्याच्या तपासणीची केंद्रं, रात्री आठला सुरक्षित परतता येईल अशी बस, आणि चांगलं पाळणाघर. पाळणाघर हा शब्द शिक्षणावरच्या चर्चेत ऐकून लोक चमकतात. पण मेटलर्जीवाली ती मुलगी माझ्याशी शेवटचं बोलली ते भट्टीबद्दल नव्हतं. बाळाला ठेवायचं कुठे याबद्दल होतं. साताऱ्याला एक सोय अशी आहे की पुणे एकशेदहा किलोमीटरवर. आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला जाऊन उरलेले घरून काम करणारी जोडपी तिथे राहू शकतात आणि राहतही आहेत. सांगलीहून पुणे दुप्पट लांब, तिला स्वतःचंच काही उभं करावं लागेल.

तुम्हाला स्वतःला आकडे काढून बघायचे असतील तर एवढं करा. सध्या जे शहरनिहाय तक्ते मिळतील ते २०११चे आहेत, कारण २०२१ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ ठरला आहे. शैक्षणिक पातळीचा वयोगटानुसार तक्ता घ्या, त्यातून २५ वर्षांखालचे वगळा, आणि उरलेल्यांत पदवी व त्यावरचे किती ते काढा. स्त्रिया आणि पुरुष वेगळे काढा. राज्याच्या साक्षरतेतच २०११मध्ये पुरुष ८८.३८ आणि स्त्रिया ७५.८७ असा फरक होता, पदवीत तो वयानुसार कसा बदलतो ते बघण्यासारखं आहे. ३० ते ३४ आणि ६० ते ६४ हे दोन गट शेजारी ठेवा. तरुण गटात शहर मागे पडलेलं आणि ज्येष्ठ गटात बरोबरीत असलेलं दिसलं, तर शाळा-कॉलेजं बिघडली असं समजण्याआधी माणसं गेली का ते तपासा. त्यासाठी स्थलांतराचे तक्ते वेगळे आहेत. आणि सरकारच्या उच्च शिक्षणाच्या पाहणीतला नोंदणीचा दर यात मिसळू नका. तो २०२१-२२मध्ये देशात २८.४ टक्के होता, पण तो १८ ते २३ वयातल्या किती जणांनी कॉलेजात नाव घातलं ते सांगतो, पुढे ते कुठे राहायला गेले ते नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. परत या असं मी भावनेच्या भरात सांगणार नाही. तुमच्यावर गावाचं ऋण आहे वगैरे बोलणं सोपं आहे, आणि ते ऐकून परतलेली दोन-तीन मुलं वर्षभरात पुन्हा गेलेली मी पाहिली आहेत. आधी घरात विचारा. तुमच्या पत्नी काय शिकल्या आहेत, काय करतात, ते तुम्ही लिहिलं नाहीत. त्यांना सांगलीत, मिरजेत किंवा घरून करता येईल असं, त्यांच्या शिक्षणाला शोभणारं काम असेल तर तुमचा निर्णय निम्मा झाला. नसेल तर तुमच्या एकट्याच्या नोकरीवर परतू नका, तो संसार टिकणार नाही. मधला एक मार्ग आहे. कुपवाडच्या त्या मालकांना रोज येणारा इंजिनिअर नको, त्यांना ती वही पुन्हा सुरू करून हवी आहे. तापमान आणि वाळूच्या नोंदी मोबाइलवर भरता येतील आणि पुण्यात बसून रोज कोणीतरी बघेल, अशी साधी सोय तुमच्यासारखा सॉफ्टवेअरवाला महिन्यातले दोन शनिवार देऊन उभी करू शकतो. ते पैसे देतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. दिवाळीला विट्याला याल तेव्हा पाडव्यानंतरचा एक दिवस मोकळा ठेवा. आपण सकाळी लवकर जाऊ, पहिलं ओतकाम व्हायच्या आत.